गप्प बसवलेली टेस्ट

सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच पलीकडच्या खुर्चीवरून नवी टेस्टर म्हणाली, “सर, आपल्याकडे एक टेस्ट बारा वर्षं गप्प आहे.” माळ्यावर जुनं खेळणं सापडल्यावर सांगावं तसं तिने ते हसत सांगितलं. मीही हसलो. हसताना कप कलंडला आणि चहा कीबोर्डच्या कडेपर्यंत आला. तो रुमालाने टिपता टिपता मी म्हटलं, असेल कुठलीतरी जुनी, आणि माझ्या स्क्रीनकडे वळलो. कुठली ते बघायची मला गरज नव्हती. रुमाल ओला झाला होता, तो मी घडी करून खिशात ठेवला, आणि मग दिवसभर ती ओल मांडीला जाणवत राहिली.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. वॉर्डातल्या नर्सच्या स्क्रीनवर कुठल्या पेशंटला कुठलं औषध किती वाजता द्यायचं याची यादी येते, ती आमची. ती ज्या भाषेत लिहिली आहे ती भाषा मोठी गुणी. लिहिली की लगेच चालते, मधे काही सोपस्कार लागत नाहीत, आणि तिच्यात सगळ्याच्या वस्तू होतात. पेशंट ही वस्तू, डोस ही वस्तू, नर्सची पाळी हीसुद्धा वस्तू. प्रत्येकीला आपापलं काम माहीत असतं, विचारलं की ती उत्तर देते. ते उत्तर बरोबर आहे का हे पाहायला छोट्या छोट्या टेस्ट लिहून ठेवल्या आहेत, आता तीन हजारांच्या वर. एक आज्ञा दिली की सगळ्या आपोआप पळतात. पास झाली की स्क्रीनवर एक टिंब उमटतं, नापास झाली की एफ, आणि जिच्यावर कोणी ‘स्किप’ असा शब्द लिहून ठेवला असेल ती पळतच नाही, तिचा नुसता एस येतो. टिंबांच्या गर्दीत एक एस कोणाच्या डोळ्यांत भरणार? मी मात्र बारा वर्षं रोज सकाळी तो पाहत आलो आहे. टेस्ट दर वेळी वेगळ्या क्रमाने पळतात, मुद्दामच तसं ठेवलं आहे, त्यामुळे त्याची जागाही रोज बदलते. तरी माझी नजर त्याला बरोबर शोधून काढते. लग्नाच्या गर्दीत ज्याला टाळायचं असतं तोच आधी दिसतो, तसं.

“कोणी गप्प केली तेही आहे इथे,” टेस्टर म्हणाली आणि तिने नाव वाचलं. पूर्ण नाव, आडनावासकट. ते नाव ऑफिसात कित्येक वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. तेव्हाही आम्ही ते कुठे उच्चारत होतो म्हणा. तोंडावर बाई आणि पाठीमागे पणबाई, एवढंच. ही मुलगी येऊन चार महिने झाले होते, कामाला वाघ होती, आणि दुपारी चार वाजता नव्याने लागलेल्या सहा जणांना ती टेस्ट कशा लिहाव्यात आणि कशा लिहू नयेत ते सांगणार होती. कशा लिहू नयेत याला तिला झकास उदाहरण सापडलं होतं. मोठ्या पडद्यावर ती ओळ, तिच्यासमोर ते नाव, तारीख, आणि त्या बदलाबरोबर कारण म्हणून लिहिलेला एकच शब्द: ‘तात्पुरतं’. बारा वर्षांचं तात्पुरतं, असं ती म्हणाली तेव्हा आजूबाजूच्या दोघा-तिघांनी खुर्च्या फिरवून दाद दिली. त्याच आठवड्यात एका दवाखान्यात घोळ झाला होता म्हणे, आणि बाईंनी स्वतःच इशारा बंद करून ठेवला होता, असंही तिने कुठून तरी वाचून काढलं होतं. “कोण होत्या हो या, सर? तुम्ही होतात ना तेव्हा?” तिने विचारलं. मी म्हटलं, होत्या एक. चांगल्या होत्या. आणि मला एकदम त्या दोन शब्दांची लाज वाटली. चांगल्या होत्या हे आपण मेलेल्या माणसाबद्दल बोलतो.

पणबाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायच्या, उन्हाळ्यातही खांद्यावर शाल असायची, आणि चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत बसायच्या. बैठकीत सगळं ठरलं, वह्या मिटल्या, खुर्च्या सरकल्या की मग बाईंचं तोंड उघडायचं. “पण दोन वाजता काय होईल?” दोन वाजण्याचं त्यांनी अगदी डोक्यात घेतलं होतं. नर्सची सकाळची पाळी दोनला संपते, दुपारची दोनला सुरू होते. मग बरोबर दोनचा डोस कोणाच्या यादीत? चालू पाळी कुठली हे आम्ही एकाच सामायिक जागी लिहून ठेवत होतो आणि सगळ्या वस्तू तिथूनच वाचायच्या. एकीने ते बदललं की दुसरीच्या हाताखालून ते बदलून जायचं, तिला पत्ताच नसायचा. त्यामुळे कधीतरी दोनचा डोस दोन्ही याद्यांतून नाहीसा व्हायचा. कधीतरीच. बाईंनी त्यावर टेस्ट लिहिली होती आणि ती शंभरात त्र्याण्णव वेळा पास व्हायची. टेस्ट ज्या क्रमाने पळाल्या त्या क्रमाचा एक नंबर शेवटी छापून येतो, तो नंबर परत दिला की अगदी तोच क्रम परत मिळतो. जिथे एफ आला ते नंबर बाई एका चौकडीच्या वहीत पेन्सिलने उतरवून घ्यायच्या, आणि मला म्हणायच्या, बघ, हे सात नंबर आहेत तोवर ते त्र्याण्णव काही कामाचे नाहीत. मला त्या वहीचा राग यायचा. खरं सांगायचं तर बाईंचाच यायचा. अरुंद जिन्यात पुढचा माणूस सावकाश चढत असला की मागच्याला येतो, तसा राग. त्या बरोबर आहेत हे मला कळत होतं, आणि त्या बाजूला झाल्या तर मी भराभर वर जाईन हेही कळत होतं.

त्या दिवशी नवी आवृत्ती दवाखान्याकडे जायची होती. एक जरी एफ असला तरी आवृत्ती पाठवायची नाही असा नियम होता, आणि बाईंनी त्या आठवड्यात काय करावं, तर त्या सातातला एक नंबर कायमचा घालून ठेवला. म्हणजे दर वेळी तोच क्रम आणि दर वेळी तोच एफ. दोष काढा, मगच पुढे जा. पाठवण्याची सोय फक्त त्यांच्या मशीनवर होती. साडेबाराच्या सुमाराला त्यांना घरून फोन आला. त्यांची आई हल्ली विसरायला लागली होती. किल्ल्या पिठाच्या डब्यात ठेवायची, बाईंना स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची, आणि त्या दिवशी ती घराबाहेर पडून भलत्याच बिल्डिंगच्या पायरीवर जाऊन बसली होती. शाल खुर्चीवरच राहिली. आईला दाखवून येते, मशीन उघडंच आहे, लक्ष ठेव, पाठवू मात्र नकोस, असं म्हणत त्या गेल्या. साहेब दोनदा दारात येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा नुसतं घड्याळाकडे बघितलं. मी बाईंच्या खुर्चीत बसलो, शाल पाठीला लागत होती, आणि त्यांच्या टेस्टवर स्किप लिहिलं. कारण विचारल्यावर लिहिलं, तात्पुरतं. बाई असत्या तर त्यांनी कारण म्हणून अर्धं पान लिहिलं असतं. सगळी टिंबं आली, मधे एक एस. मी आवृत्ती पाठवून दिली. नोंदीत नाव पडलं ते ज्याचं मशीन त्याचं. हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूने म्हणता येतं. संध्याकाळी सुचलं. मग मी ते उद्यावर टाकलं.

बाई चार दिवस रजेवर होत्या. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा दोनचा डोस कोणाच्याच यादीत आला नाही. तसं फार काही झालं नाही, दोन दिवस जास्त राहावं लागलं आणि मग ते ठणठणीत होऊन घरी गेले. पण चौकशी व्हायचीच. मी सांगितलं, टेस्ट पळवल्या, एकही एफ नव्हता, म्हणून पाठवलं. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. साहेबांनी स्क्रीन बाईंकडे वळवली. बाईंनी ती ओळ चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली. आता त्या माझ्याकडे बोट दाखवणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, “माझं नाव आहे. म्हणजे मीच केलं असणार.” नंतर बाहेर पाण्याच्या मशीनपाशी त्यांनी मला गाठलं. हातात कागदी पेला होता, तो भरून सांडत होता. “तू शेजारीच होतास. मी ते करताना तू पाहिलंस का?” मला वाटलं, झालं, यांनी सगळं ओळखलंय, आता मला संधी देतायत, उगाच मोठेपणा दाखवतायत. त्या मोठेपणाचाच मला संताप आला. मी म्हटलं, गडबडीत केलं असेल तुम्ही. त्यांनी मान हलवली, दोनदा, आणि पेला तिथेच ठेवून गेल्या. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. जाताना कोणी समारंभही केला नाही. त्यांची शाल मात्र कोणीतरी घरी पोचवली. सहा महिन्यांनी त्यांच्या जागेवर मी बसलो, आणि वर्षभराने साहेबांच्या.

मूळ दोष मी त्याच आठवड्यात काढून टाकला होता. म्हणजे तो स्किप पुसला असता तर टेस्ट पास झाली असती, कोणाचं काही बिघडलं नसतं. पण ज्या ओळीला आपण शेवटचा हात लावतो तिच्यासमोर आपलं नाव येतं. एक शब्द पुसायचा आणि बाईंचं नाव तिथून जाऊन माझं येणार, एवढंच ते काम. बारा वर्षांत मी कित्येकदा त्या ओळीपाशी जाऊन आलो. कर्सर तिथे लुकलुकायचा आणि मी फाइल बंद करायचो. घरी तर मी त्याहून मोठा पराक्रम केला होता. तेव्हा जेवण जाईना म्हणून बायकोने खोदून खोदून विचारलं, आणि मी सांगितलं की ते माझ्या हातून झालं, बोल बाईंना लागला, पण मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगून आलो, त्यांनी माफ केलं. बायकोला हायसं वाटलं. तिने गरम पोळी वाढली. आणि मला चक्क भूक लागली होती. खोटं सांगून इतकं बरं वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुपारी डबा घेऊन मी जिन्यात जाऊन बसलो आणि बायकोला फोन केला. का केला सांगता येत नाही. तिला म्हटलं, आज पणबाईंचा विषय निघाला होता. “अरे हो,” ती म्हणाली, “भेटल्या होत्या ना त्या मला. सांगायचंच राहिलं बघ.” दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, डोळ्यांत थेंब घालून. बायकोने आपणहून ओळख दिली होती. मी विचारलं, काय बोललीस. “काय बोलणार, चांगलंच बोलले. म्हटलं, ह्याने तुमच्या मशीनवरून ते बंद केलं, बोल तुम्हाला लागला, आणि तरी तुम्ही ह्याला मोठ्या मनाने माफ केलंत. दुसरं कोणी असतं तर तोंड पाहिलं नसतं.” मग? मग त्या तिच्याकडे वळल्या म्हणे. मग म्हणाल्या, परत सांगा. “मी परत सांगितलं. तर माझा हात धरला त्यांनी, बराच वेळ. मग म्हणाल्या, हो, आला होता तो, बोलला होता. डोळ्यांतून नुसतं पाणी त्यांच्या. थेंबांचंच असेल, माझ्याही येत होतं.” आणि त्यांनी आपला नंबर दिला होता, तो फ्रिजवर चिकटवला होता, दोन महिने झाले, पण माझं लक्ष असेल तर ना. मी तो मागितला. तिच्या फोनमध्येही होता, तो तिने वाचून दाखवला आणि विचारलं, डब्यातली भाजी खारट झालीय का, आवाज असा का येतोय.

भाजी मी चाखलीच नव्हती. जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची काच पुसणारा माणूस दिसत होता. तो एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होता, आणि मी त्याच्याकडे बघत मनाशी हिशेब जुळवत होतो. बाईंना तेव्हाच ठाऊक होतं, असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या मोठेपणावर मी बारा वर्षं खार खाल्ला होता. आता त्यांना हेही कळलं होतं की मी बायकोशीही खोटं बोललो, आणि तरी तिच्यासमोर त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. का घेतलं? आणि परत सांगा असं का म्हणाल्या? एखादी गोष्ट आधीच माहीत असलेलं माणूस ती परत सांगायला कशाला सांगेल? हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला आणि मी डबा झाकून उठलो. पुढचा विचार करायची माझी हिंमत झाली नाही.

पावणेचारला मी ती फाइल उघडली. स्किप हा शब्द पुसला. कारणाच्या जागी, बाईंना आवडलं असतं तसं, लांबलचक लिहिलं. ही टेस्ट त्यांनी बंद केली नव्हती, त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या मशीनवरून मी केली होती, चौकशीत मी ते लपवलं, आणि टेस्ट पहिल्यापासून बरोबर होती. खाली माझं नाव. टेस्ट पळवल्या. टिंबं सुरू झाली, ओळीमागून ओळ, आणि एस कुठेच नाही. सवयीने मी तो शोधत राहिलो. मग उठून बैठकीच्या खोलीत गेलो. पडद्यावर टेस्टरने सकाळी काढून ठेवलेलं चित्र होतं, बाईंच्या नावाला लाल गोल केलेला. सहाही जण हसत होते. मी मागच्या भिंतीपाशी उभं राहून म्हटलं, “ते मी केलं होतं.” आवाज बरा निघाला. पुढचं दोन-तीन वाक्यांत सांगून टाकलं. एका मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. मग टेस्टर सावरून म्हणाली, “जाऊ द्या सर, बारा वर्षं झाली. उलट उदाहरण अजून चांगलं झालं.” एकदोघे हसले, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या, धाडस वगैरे शब्द ऐकू आले, आणि तिने पुढचं चित्र लावलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं घाबरलो ती ही एवढीशी होती. ती तेव्हाही एवढीशीच असती, हे कळल्यावर मला तिथे उभं राहवेना.

जिन्यात येऊन मी नंबर फिरवला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी म्हटलं, बाई, मी बोलतोय. त्या म्हणाल्या, ओळखलं. आवाज तोच, जरा पातळ झालेला. पाठ करून ठेवलेलं सगळं मी भडाभडा बोलून टाकलं. स्किप, चौकशी, आजची चार वाजताची खोली, सगळं. शेवटी मी म्हटलं, “तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. पाण्याच्या मशीनपाशी तुम्ही मला संधी दिली होतीत, आणि मी…”

“नाही रे,” बाई म्हणाल्या. “मी खरंच विचारलं होतं.”

मी जिन्याच्या कठड्याला धरलं. त्या सावकाश बोलत होत्या, जुन्या सवयीप्रमाणे एकेक गोष्ट नीट लावत. आईचं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं, हे घराण्यात उतरू शकतं. “आणि चार दिवसांनी ऑफिसात आले तर माझ्या नावावर माझ्याच टेस्टला मी गप्प केलेलं, आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही. वेळही मी निघाले त्याच सुमाराची. मला वाटलं, मलाही आईचं लागलं. तरी एक आशा होती, तू शेजारी होतास. तू म्हणालास केलं असेल. मग संपलंच.” नंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. गॅस तीनतीनदा बघायचा, कुलूप ओढून बघायचं, कोणाला काय सांगितलं ते वहीत लिहायचं. लग्न ठरत आलं होतं एक, त्या वयात, तेही मोडलं. दुसऱ्याच्या गळ्यात आपला आजार कशाला. आई गेली, ती तर शेवटी बाईंना ओळखतही नव्हती, आणि आपलंही हेच होणार म्हणून त्या रोज आरशात बघायच्या. दर वर्षी स्मरणाची तपासणी करून घ्यायच्या. “दर वर्षी पास व्हायचे,” त्या म्हणाल्या आणि किंचित हसल्या. “पण नुसत्या पास होण्यावर आपला कधी विश्वास होता? त्या सातांतला एक माझ्या नावावर होता ना.”

माफी मागायला तोंड उघडलं, तर तो शब्दही त्या तात्पुरतंसारखा वाटला. खाली कोणीतरी जिना चढत होतं, पावलं वर येऊन थांबली आणि परत गेली. बाईच बोलल्या. त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्या बायकोने ते सांगितलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की त्यांचं डोकं शाबूत आहे. तेव्हाही आणि त्यानंतरही. तिच्याशी त्या खोटं बोलल्या ते माझ्यासाठी नाही. ती इतक्या समाधानाने माझ्याबद्दल बोलत होती की तिथे रांगेत बसून ते मोडणं त्यांच्याच्याने झालं नाही. “पण ते मी तेवढ्यापुरतं बोलले,” त्या म्हणाल्या. “आता खरं काय ते तिला तू सांग. मी त्या खोट्यात फार दिवस राहणार नाही.”

मी म्हटलं, सांगतो.

“पण किती वाजता?” बाईंनी विचारलं.

मी घड्याळात पाहिलं. बायको साडेसहाला घरी येते. मी वेळ सांगितली, आणि पलीकडे त्या ती पेन्सिलने लिहून घेताना मला ऐकू आल्या.